मल्याळम वाचता येत नसलं तरी चिल्लू अक्षर नीट बसवता येतं

नागपुरात डीटीपीचं काम करणाऱ्याकडे कधी ना कधी मल्याळम मजकूर येतोच. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधलं एखादं कुटुंब, मोठ्या दवाखान्यांतल्या सिस्टर, सदरकडे राहणारी ख्रिस्ती मंडळी. कुणाला लग्नपत्रिकेत एक बाजू मल्याळममध्ये हवी असते, कुणाला ओणमचा फ्लेक्स, कुणाला वडिलांच्या पुण्यतिथीचं कार्ड. मजकूर चार-पाच ओळींचा असतो, पण त्यात माणसांची नावं असतात. नाव चुकलेलं कार्ड घरात जपून ठेवायच्या लायकीचं राहत नाही, म्हणून हे काम मी फार मनापासून करते.

माझं दुकान महालात आहे. मल्याळम मला बोलता येत नाही. अक्षरं मी कोडवरून ओळखते, आणि तेवढ्यावर काम चोख होतं. ते कसं, हे आपल्याकडच्या ऑपरेटर मुलामुलींसाठी इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, म्हणजे मल्याळमची भीती निम्मी जाते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणाऱ्या मानकात, देवनागरीचे कोड ०९०० पासून सुरू होतात, मल्याळमचे ०डी०० पासून. आणि शेवटचे दोन आकडे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत. आपला क ०९१५, त्यांचा क ०डी१५. आपला न ०९२८, त्यांचा ०डी२८. काना आपल्याकडे ०९३ई, तिकडे ०डी३ई. ल ३२ वर, ळ ३३ वर, दोन्हीकडे. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे आधी इस्की नावाचं मानक तयार झालं होतं. त्यात सगळ्या लिप्यांची अक्षरं एकाच क्रमाने मांडली होती, आणि युनिकोडने तीच मांडणी उचलली. त्यामुळे ज्याला देवनागरीचा तक्ता माहीत आहे, त्याला मल्याळमचा बराचसा तक्ता आपोआप माहीत असतो. (इथे कोड मी देवनागरीत लिहिते आहे. कीबोर्डवर मात्र डी, ई, बी ही इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच दाबायचे.)

वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये चार अंकी कोड टाइप करा आणि ऑल्टसोबत एक्स दाबा, कोडच्या जागी अक्षर येईल. उलटंही होतं. कर्सर अक्षराच्या लगेच पुढे ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं, की अक्षराच्या जागी त्याचा कोड दिसतो. पुन्हा दाबलं की अक्षर परत. मल्याळम न वाचणाऱ्या माणसासाठी याच्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही. मी नवीन मुलांना आधी हेच शिकवते.

आता चिल्लू. मल्याळममध्ये शब्दाच्या शेवटी किंवा मध्ये पाय मोडलेलं व्यंजन आलं, तर काही व्यंजनांसाठी स्वतंत्र आकार आहे. त्या आकाराला चिल्लू म्हणतात. त्याच्यावर पाय मोडल्याची खूण नसते. आपण राजन लिहितो आणि शेवटचा न तसाच सोडून देतो. मल्याळममध्ये तो न पूर्ण लिहिला तर ‘राजन’ ऐवजी शेवटी स्पष्ट अ येईल, म्हणून तिथे चिल्लू न लागतो. आकार ओळखायची खूण अशी, की अक्षराच्या उजव्या टोकाला वर उचललेली शेपटी असते. नेहमी लागणारी चिल्लू पाच आहेत: ण, न, र, ल आणि ळ यांची. क चं एक आहे, ०डी७एफ, पण ते क्वचितच भेटतं. पुढे २०१६ मध्ये युनिकोड ९.० मध्ये म, य आणि ऴ यांची जुन्या लिखाणातली चिल्लूही आली. पत्रिकेच्या कामात त्यांची गरज पडत नाही.

पाचही चिल्लू आपल्या ओळखीच्या नावांतून लक्षात राहतात:

अरुण्: शेवटी चिल्लू ण, कोड ०डी७ए
राजन्: शेवटी चिल्लू न, कोड ०डी७बी
नायर्: शेवटी चिल्लू र, कोड ०डी७सी
अनिल्: शेवटी चिल्लू ल, कोड ०डी७डी
ओणाशंसकळ्, म्हणजे ओणमच्या शुभेच्छा: शेवटी चिल्लू ळ, कोड ०डी७ई

नायर् हा अख्खा शब्द कोडवरून असा लिहायचा: ०डी२८, ०डी३ई, ०डी२एफ, ०डी७सी. पहिले तीन म्हणजे आपलेच न, काना, य. शेवटचा तेवढा वेगळा. अनिल् म्हणजे ०डी०५, ०डी२८, ०डी३एफ, ०डी७डी. एकदा हातानं करून पाहा, लगेच जमेल.

हे इतकं सोपं असेल तर अडचण कुठे येते? अडचण अशी, की हे पाच कोड पहिल्यापासून नव्हते. ते २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आले. त्याआधी चिल्लू तीन कोड एकापुढे एक ठेवून लिहायचं: मूळ व्यंजन, मग पाय मोडायची खूण ०डी४डी (तिला मल्याळममध्ये चंद्रक्कल म्हणतात) आणि मग २००डी, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, जो डोळ्यांना दिसतच नाही. राजन् मधला चिल्लू न जुन्या रीतीने ०डी२८, ०डी४डी, २००डी असा. बाकीची चारही तशीच, फक्त पहिला कोड बदलतो: ण साठी ०डी२३, र साठी ०डी३०, ल साठी ०डी३२, ळ साठी ०डी३३.

आपल्याला हे परकं वाटायला नको, कारण मराठीत हेच घडलेलं आहे, तेही त्याच आवृत्तीत. ॲ हे अक्षर, कोड ०९७२, युनिकोडमध्ये आलं ते २००८ च्या ५.१ मध्येच. त्याआधी अ, २००डी आणि वरचा चंद्र ०९४५ असे तीन कोड ठेवून ते लिहीत. नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे, तेव्हा वकिलांची लेटरहेड आणि व्हिजिटिंग कार्डं आपण सगळेच करतो. तुमच्याच संगणकावरच्या जुन्या फायली उघडून ‘ॲड.’ शोधा. काही सापडतील, काही सापडणार नाहीत, आणि न सापडलेल्यांमध्येही ‘अ‍ॅड.’ तुम्हाला छापलेलं तंतोतंत तसंच दिसेल. चिल्लूचं दुखणं अगदी हेच आहे. फक्त मल्याळममध्ये ते जवळपास प्रत्येक ओळीत असतं.

दोन्ही रीती कागदावर सारख्या दिसतात, मग फरक कशाला करायचा, असं मला विचारलं जातं. कारणं दोन. पहिलं, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. ऱ आपण एका कोडने लिहिला किंवा र ला खाली नुक्ता देऊन लिहिला, तर युनिकोडच्या नियमांत ते दोन्ही एकच मानले जातात. त्यामुळे नॉर्मलायझेशन करणारं, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रीती एका साच्यात आणणारं, सॉफ्टवेअर त्यांना आपोआप एक करतं. चिल्लूच्या दोन रीतींमध्ये असं नातं युनिकोडने ठेवलेलंच नाही. कुठलंही नॉर्मलायझेशन त्यांना जुळवत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेतली सभासदांची यादी अकारविल्हे लावली, की अर्धे राजन एका ठिकाणी आणि अर्धे दुसऱ्या ठिकाणी जाऊ शकतात. पीडीएफमध्ये नाव शोधणाऱ्याला ते मिळत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. २००डी हा न दिसणारा कोड वाटेत गळून पडू शकतो. काही वेबसाइटचे फॉर्म आणि डेटा साफ करणारी सॉफ्टवेअरं न दिसणारी अक्षरं कचरा समजून काढून टाकतात. तो गेला की शब्दाच्या शेवटी चिल्लूऐवजी चंद्रक्कलवाला न उरतो, आणि मल्याळममध्ये तो वेगळा शब्द आहे. ‘अवन्’ चिल्लूने लिहिला तर ‘तो’, चंद्रक्कलने लिहिला तर ‘त्याला’. शब्दाच्या मधला जॉइनर गेला तर शेजारची दोन अक्षरं जुळून जोडाक्षर होतं. वेगळ्या कोडच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पुढे केलेलं एक उदाहरण आपल्याला लगेच कळेल: ‘वन्’ म्हणजे मोठा आणि ‘यवनिक’ म्हणजे पडदा, मिळून मोठा पडदा. जॉइनर काढला की उरतं वन्य-वनिक, रानातली वनी. आपल्याकडे दऱ्या आणि दर्या यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच हे.

केरळातल्या संगणकाच्या जाणकारांत यावरून बराच वाद झाला. ‘स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग’ या गटाच्या कार्यकर्त्यांचा वेगळ्या कोडला विरोध होता. एकाच अक्षराचे दोन कोड झाले की जुना मजकूर आणि नवा मजकूर जुळणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि आपल्यासमोर रोज जी अडचण येते ती बघता ते चुकीचं नव्हतं. पण नवे कोड येऊन आता बरीच वर्षं झाली आहेत. फोनचे कीबोर्ड तेच लिहितात, आणि मल्याळम विकिपीडियाचं सॉफ्टवेअर तर जुनी रीत आली की तिचं नवीत रूपांतर करूनच साठवतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आपल्या हातून जाणारी प्रत्येक फाइल नव्या कोडमध्येच असावी.

फाइल कोणत्या रीतीची आहे हे ओळखायला नोटपॅड पुरे. मजकूर त्यात चिकटवा, शेवटी शेपटीचं अक्षर असलेला शब्द शोधा, त्याच्या पुढे कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. अख्खं अक्षर गेलं तर नवा कोड. शेपटी जाऊन अक्षराच्या डोक्यावर छोटी चंद्रकोर आली तर जुनी रीत: तुम्ही आत्ता २००डी पुसला. कंट्रोल-झेड करून परत आणा. वर्डमध्ये हेच ऑल्ट-एक्सने करा, ०डी७बी असं काही आलं तर नवा, २००डी आलं तर जुना. एक शब्द बघून थांबू नका. नातेवाइकांची नावं वेगवेगळ्या फोनवरून, वेगवेगळ्या जुन्या फायलींतून गोळा झालेली असतात, त्यामुळे एकाच पत्रिकेत दोन्ही रीती सर्रास सापडतात.

बदलायचं काम मी नोटपॅड प्लस प्लसमध्ये करते, कारण तिथे शोध कोडवर चालतो. शोधा-बदला उघडा, रेग्युलर एक्स्प्रेशन निवडा. शोधायच्या चौकटीत प्रत्येक कोड असा लिहायचा: उलटा तिरका दांडा, एक्स, आणि महिरपी कंसात चार अंकी कोड. चिल्लू न साठी असे तीन तुकडे सलग, मध्ये जागा न सोडता: ०डी२८, ०डी४डी, २००डी. बदलायच्या चौकटीत वर्डमधून आणलेलं ०डी७बी चं अक्षर चिकटवा. मग ण, र, ल, ळ साठी तसंच.

पण न ला हात लावायच्या आधी थांबा. इथेच अनुभवी माणूससुद्धा फसतो.

मल्याळममध्ये चिल्लू न च्या खाली ऱ बसवून एक जोडाक्षर होतं, आणि त्याचा उच्चार ‘न्ट’ सारखा होतो. ‘चा, ची, चे’ या अर्थाचा त्यांचा प्रत्यय ‘न्टे’ यानेच लिहितात, त्यामुळे पत्रिकेत ‘अमुकचा मुलगा’ असं आलं की हे जोडाक्षर आलंच. अँटनी हे नावही यानेच लिहितात. युनिकोडने यासाठी सांगितलेला क्रम आहे ०डी७बी, ०डी४डी, ०डी३१. प्रत्यक्षात ०डी२८, ०डी४डी, ०डी३१ असा मजकूरही भरपूर फिरतो, आणि बहुतेक फाँट तो नीट दाखवतात. तिसरा प्रकार म्हणजे मध्ये जॉइनर असलेला: ०डी२८, ०डी४डी, २००डी, ०डी३१. घाईने सरसकट बदल केला की हा तिसरा प्रकार ०डी७बी, ०डी३१ होऊन बसतो. म्हणजे दोन अक्षरं शेजारी-शेजारी, मधली चंद्रक्कल गायब. ते वेगळं लेखन आहे आणि त्याचा उच्चार ‘न्ऱ’ असाही होऊ शकतो.

म्हणून आधी शोधात चौथा तुकडा ०डी३१ जोडून हा प्रकार वेगळा काढायचा. सापडलेली प्रत्येक जागा ग्राहकाला दाखवायची आणि विचारायचं, ‘हे खाली-वर हवं की शेजारी?’ खाली-वर म्हणाले तर युनिकोडचा क्रम द्या. ते सगळं झाल्यावरच न चा सरसकट बदल करा. जॉइनर नसलेला, ०डी२८ ने सुरू होणारा प्रकार फाइलभर एकसारखा असेल आणि नीट दिसत असेल, तर मी तो तसाच ठेवते. काही फाँट युनिकोडचा क्रम मिळाल्यावर अक्षर खाली न बसवता चिल्लूच्या डोक्यावर चंद्रकोर काढतात. तसं दिसलं तर मजकूर बिघडवू नका, फाँट बदला.

बदल झाल्यावर फाइलमध्ये २००डी पुन्हा शोधा. मल्याळम भागात काही उरलं असेल तर ते एकेक करून बघा. आणि त्याच फाइलमध्ये मराठी असेल तर २००डी सरसकट पुसायचं मनातही आणू नका, मराठीची मुद्दाम ठेवलेली अर्धी अक्षरं आणि जुन्या रीतीचे ‘अ‍ॅ’ त्यासोबत जातील. मी मल्याळम भाग वेगळ्या फाइलमध्ये काढूनच काम करते. ती फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा. एएनएसआयमध्ये जतन झाली की उघडल्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसते, आणि त्यातून मूळ मजकूर परत मिळत नाही.

कधी कधी केरळातल्या एखाद्या प्रेसमधून जुनी फाइल येते आणि उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्या फायली एमएल-टीटी मालिकेतल्या फाँटच्या असू शकतात, आपल्याकडे श्रीलिपीच्या जुन्या फायली असतात तशा. त्यात युनिकोडचा संबंधच नसतो, चिल्लू म्हणजे फाँटमधला एक आकार, बस. अशा फायलींसाठी पय्यन्स नावाचा मोफत रूपांतरक आहे. रूपांतर झाल्यावर वरची सगळी तपासणी पुन्हा करायची. पण मजकूर छोटा असेल तर ग्राहकाला सरळ सांगा, ‘भाऊ, व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा.’ फोनवरून आलेला मजकूर युनिकोडच असतो, आणि घरातल्या माणसानेच टाइप केलेली नावं बरोबर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पान लावताना पेजमेकर विसरा, त्याला युनिकोड कळत नाही. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडल्याशिवाय मल्याळमची मात्रा जागेवर बसत नाही आणि जोडाक्षरं सुटी पडतात. फाँट निवडताना ग्राहकाला एक प्रश्न नक्की विचारा. केरळात १९७१ मध्ये टाइपरायटर आणि छपाईच्या सोयीसाठी लिपी सुटसुटीत केली गेली, पण जुनी, जोडाक्षरांनी भरलेली लिपी अनेकांना प्रिय आहे. रचना आणि मीरा हे मोफत फाँट जुन्या वळणाचे आहेत, विंडोजमधला कार्तिका नव्या वळणाचा. कोड दोन्हीकडे तेच राहतात, रूप फाँट ठरवतो. वयस्कर माणसाच्या नावाने निघणाऱ्या कार्डाला बहुतेक कुटुंबं जुनं वळण मागतात असा माझा अनुभव आहे, पण गृहीत धरू नका, दोन्ही नमुने पाठवा.

प्रूफ पाठवताना नुसता फोटो देऊ नका. फोटोसोबत तोच मजकूर टाइप केलेला पाठवा, म्हणजे ग्राहक आपल्या फोनवर एखादं नाव निवडून शोधून पाहू शकतो. त्यांना सांगा, ‘काका, शेवटी शेपटी असलेली अक्षरं तेवढी एकदा बोट ठेवून वाचा, आणि न्टे आलंय तिथे नीट बघा.’ संपूर्ण मजकूर वाचा म्हटलं की लोक वरवर वाचतात. नेमकी जागा दाखवली की चूक सापडते.

फ्लेक्सवाल्याकडे फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करा, कारण त्याच्या मशीनवर मल्याळम फाँट असेलच असं नाही. कर्व्ह केल्यावर त्या फाइलमध्ये मजकूर उरत नाही, फक्त आकार उरतात. तेव्हा कर्व्ह करण्याआधीची फाइल आणि यूटीएफ-८ मधला मजकूर ग्राहकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि फाइलच्या नावात ‘चिल्लू तपासले’ असं लिहून टाका.